बुंदीची सर्दी

प्रिय गीतांजली,

माझं अक्षर ओळखलंस ना? फोन सोडून पत्र का, असं मनात आलंच असेल. फोनवर आपण दोघी 'जेवलीस का' आणि 'तब्येत कशी' याच्या पुढे सरकत नाही, शिवाय आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळ्या खोल्यांत ऐकू जातं. म्हणून हे नाझियाच्या हाती देते आहे. शाळेत तुझ्या शेजारच्याच वर्गावर असते ती, आणि पाकीट उघडून बघणाऱ्यांतली नाही. गोष्ट बुंदीची आहे. मला कुठलीही गोष्ट पहिल्यापासून सांगितल्याशिवाय सांगता येत नाही हे तुला पुरतं माहीत आहे, तेव्हा मधेच शेवटचं पान उलटू नकोस.

उलव्याच्या नव्या घरमालकांना मांजर चालतं, रविवारी बुंदीला न्यायला येते, असा तुझा निरोप आला आणि दुसऱ्याच दिवशी ही बया शिंकायला लागली. दिवाळीनंतर तू इथून गेलीस तेव्हा तुझ्या भाड्याच्या खोलीत मांजर नको म्हणाले, म्हणून ती आमच्याकडे राहिली. खरं सांगू? मला तेव्हा तेवढंच बरं वाटलं होतं. सून गेली, पण तिचं मांजर घरात आहे, म्हणजे ती कधीतरी दार वाजवणार, असा माझा हिशोब. ऋषीने तेव्हाही काही म्हटलं नाही. बुंदीची बशी मात्र तो रोज स्वतः धुतो.

शिंका ऐकून मी काय केलं असेल ते तू ओळखलंच असशील. ऋषी लहान असताना दर थंडीत त्याचं नाक वाहायचं. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करायची, छाती शेकायची, उशाशी कापूर बांधून ठेवायचा, की दोन दिवसांत पोरगं खेळायला मोकळं. तेच मी बुंदीला केलं. तिने पुरचुंडीला पंजा मारला, माझ्या मनगटावर ओरखडा काढला आणि कपाटामागे जाऊन बसली. मला वाटलं, नाटकं करते आहे. मी कापराची पुडी तिच्या गोधडीखाली सरकवली आणि शहाणपणाचं काम केल्यासारखी वरण लावायला गेले.

सकाळी तिचे डोळे चिकटलेले, नाक बंद, आणि श्वास घेताना छातीतून घर्र घर्र आवाज. खाणं तर तिने आदल्या दिवसापासूनच सोडलं होतं. आता दुधाकडेही बघेना. हाक मारली तर नुसते कान हलले. ऋषीचे बाबा फिरायला तलावाकडे गेलेले, ऋषी महाप्याहून रात्रपाळी करून येऊन झोपलेला. तुझी पिंजऱ्याची टोपली तू सामानाबरोबर नेलीस, म्हणून मी माळ्यावरची हापूसची रिकामी पेटी काढली, त्यात गोधडी घातली आणि तिला घेऊन रिक्षात बसले. रिक्षावाला म्हणतो, "क्या आंटी, अभी से आंबा?" तेवढ्यात पेटी शिंकली. प्राण्यांच्या दवाखान्यापर्यंत बिचारा आरशातून पेटीकडेच बघत होता.

डॉक्टर तुझ्याच वयाची मुलगी होती. घरी काय काय केलंत, असं विचारलं. मी ओवा आणि कापूर अगदी अभिमानाने सांगितलं. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "काकू, कापूर मांजराला विष आहे. निलगिरी, चोळायचा बाम, काही म्हणजे काही जवळ आणायचं नाही. आणि तापाची माणसांची गोळी चुकूनही द्यायची नाही, तुकडाही नाही. त्याने जीव जातो." मग तिने तपासून एक औषध दिलं. ही मांजरांची सर्दीच आहे, म्हणाली, डोळे-नाक कोमट पाण्याच्या बोळ्याने पुसा, वाफेच्या खोलीत बसवा, गरम ठेवा. खरी काळजी तिच्या उपाशी राहण्याची होती. मांजर असं उपाशी राहिलं की त्याचं यकृत बिघडतं. नाक बंद असल्यामुळे तिला वासच येत नाही, आणि वास आला नाही तर ती खाणार नाही. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर भरती करावं लागेल, सलाईन लावावं लागेल, आणि तरी खात्री देता येणार नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं.

घरी येऊन आधी तो कापूर खिडकीबाहेरच्या कुंडीपलीकडे फेकला. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले, तर ओट्यावर तापाच्या गोळ्यांची पट्टी, त्यातली एक मोडलेली, आणि खलबत्त्यात पांढरी पूड. गीता, बाबांची कामं मला माहीत आहेत. सकाळी मी आंघोळीला गेले असताना त्यांनी मायेनेच दुधात गोळी कालवली होती. खाली बघते तर बुंदीची बशी रिकामी. ते अजून परतले नव्हते. फोन लावला तर तो दिवाणखान्यातच वाजला, कारण फिरायला जाताना ते फोन चार्जिंगला लावून जातात. डॉक्टरांना लावला. त्या म्हणाल्या, हिरड्या बघा, निळसर किंवा तपकिरी दिसतात का, आणि असाल तशा निघा. मी पेटीशेजारी फरशीवर बसून तिचं तोंड उघडून बघत होते. इतकी वर्षं मांजर पाळलं, पण चांगल्या हिरड्यांचा रंग कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं. मी देवाचं नाव घेतलं नाही. मी तुझं नाव घेत होते. हिला काही झालं तर गीताला काय सांगू, एवढंच तोंडातून येत होतं.

माझा आवाज ऐकून ऋषी उठून बाहेर आला. बशी दाखवली तर म्हणाला, "ते दूध? ते मी सकाळी आल्या आल्या सिंकमध्ये ओतलं. वर साय धरली होती, मुंग्या लागलेल्या. हिने तोंडच लावलं नव्हतं." नाक बंद होतं म्हणून वाचली. मी तिथेच भिंतीला टेकून रडले. बाबा आल्यावर त्यांना मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी घरातल्या सगळ्या गोळ्या एका डब्यात भरल्या आणि डबा माळ्यावर ठेवून दिला.

पण ती खात नव्हती ते नव्हतीच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उग्र वासाचं काहीतरी द्या, मासा उत्तम. आमच्या घरात मासा! तुला कुणी नाही म्हटलं नव्हतं, तरी तू होऊन कधी या ओट्यावर आणला नाहीस. श्रीवर्धनला माहेरी गेलीस की पोटभर खाऊन यायचीस. मी पिशवी घेऊन नेरूळच्या बाजारात गेले आणि ज्या गल्लीतून आजवर नाकाला पदर लावून गेले तिथे उभी राहिले. कोळीण म्हणाली, "काय दिऊ ताय? बांगडा घे, ताजा हाय." मी म्हटलं, मांजरासाठी हवाय. ती हसली, "मांजराचा नाव सांगून समदीच खातात." घरी येऊन तो उकळत ठेवला आणि सवयीने हात मसाल्याच्या डब्याकडे गेला. फोडणी द्यायचीच बाकी होती. मग डॉक्टरांनी बजावलेलं आठवलं: हळद नाही, मीठ नाही, नुसता उकडलेला. घरभर वास. बाबा गुपचूप बाल्कनीत जाऊन बसले. त्या दिवशी तक्रार करायला त्यांना तोंडच नव्हतं.

कोमट करून बोटावर धरला, बुंदीने मान फिरवली. तेव्हा ऋषी उठला. गीझर लावून बाथरूममध्ये गरम पाणी सोडलं, दार लावून घेतलं आणि तिला मांडीवर घेऊन वाफेत बसला. मी बाहेर टॉवेल घेऊन उभी. तू जाताना म्हणाली होतीस, "आई, भिंतीशी संसार होत नाही." तेव्हा मी तुला अडवलं नाही, कारण ते खोटं नव्हतं. आणि आता दाराआड ती भिंत बोलत होती. ऑफिसचं, उलव्याच्या घराचं, तिथे उजेड असेल का याचं. "ती येईल रविवारी. तुला अशी बघून तिला काय वाटेल? खा ना गं." मी पुढचं ऐकलं नाही, स्वयंपाकघरात जाऊन मासा पुन्हा गरम केला. तो बाहेर आला तेव्हा तिचं नाक मोकळं झालं होतं. त्याच्या बोटावरचा तुकडा तिने हुंगला, चाटला, मग दुसरा मागितला. ऋषी रडत होता. वाफेने डोळे ओले झाले असं तो म्हणाला. मी ते मानलं नाही आणि तुलाही तसं सांगणार नाही.

तेव्हापासून बुंदी सुधारतच गेली. काल पुन्हा तपासून आणली. छाती मोकळी, खाणं पूर्वीसारखं, खुशाल कुठेही न्या, असं डॉक्टर म्हणाल्या. आता पत्र का लिहिलं ते सांगते. काल जेवताना ऋषी ताटाकडे बघत म्हणाला, "आई, गीताला कळव, बुंदीला अजून बरं नाही. महिनाभर हलवू नका म्हणालेत. तिला वाटलं तर इथे येऊन बघून जाईल." मी हो म्हटलं नाही. तुझ्याशी मी खोटं बोलत नाही, म्हणून लिहिते: मांजर ठणठणीत आहे, टोपली घेऊन ये आणि निर्धास्त ने. पण रविवारी दार तो उघडेल आणि तुला सांगेल की ती आजारी आहे. ते साफ खोटं असेल. कुणी जाऊ नये म्हणून माझ्या मुलाने आजवर काही केलेलं मी पाहिलं नाही. हे पहिलंच आहे, आणि तेही धड जमलेलं नाही. तू त्याला खोटं पाडायचं की कधी हलवता येईल असं विचारायचं, ते तुझं तू ठरव. मी मधे येणार नाही, चहा टाकून आतच बसेन.

कागदावर काहीही ठरलं तरी तुझीच,
आई