चौथ्या कोपऱ्यातला अँकर

४ मार्च

तेम्नीदोलच्या धरणावर पोचले. पोचल्यापोचल्या ताट समोर: घेवड्याचं दाट सूप, भाजलेली लाल मिरची, वाडगाभर दही. धरणावरच्या माणसांचा स्वयंपाक करणारी मिंका वीस-बावीसची आहे. तिने आधी वाढलं, मग नाव विचारलं. दुरुस्तीच्या तुकडीचा म्होरक्या लाझो मिस्त्री माझे बूट न्याहाळून म्हणाला की सोफियाहून येणाऱ्यांचे बूट नेहमी कोरे असतात, कारण डोंगर बघून ते खोलीतच बसतात. सगळे हसले. मीही हसले आणि त्याच बुटांनी संध्याकाळच्या आत धरण पालथं घातलं.

काम सरळ आहे. पाणी सोडायचा लोखंडी दरवाजा उचलणारं जुनं यंत्र गंजलंय. मधल्या खांबावर नवं बसवायचं. त्याला चार कोपरे, आणि दर कोपऱ्याला काँक्रीटमध्ये खोल रोवलेला एक जाड बोल्ट, म्हणजे अँकर. कुठे कोणता अँकर, हे मी ठरवायचं. वरचं बर्फ वितळून धरण भरेल तेव्हा हा दरवाजा उघडलाच पाहिजे, नाहीतर पाणी धरणावरून उसळून खालच्या गावावर जाईल. बर्फ अजून घट्ट आहे. हवा सुंदर आहे. मला इथे आवडलं.

६ मार्च

तीन कोपरे खणखणीत. डोंगराकडच्या चौथ्यावर हातोडा मारला की बद्द आवाज येतो. जवळून पाहिलं तर केसाएवढी भेग, आणि भेगेत ओल.

अँकर निवडणं म्हणजे दुकानातला सगळ्यात जाड बोल्ट उचलणं नव्हे, हे मी कामगारांच्या सभांत घसा फोडून सांगत आलेय. फुगून धरणारा अँकर भेगेत ठोकला तर तोच भेग रुंद करतो. केमिकलच्या गोंदाने बसवायचा अँकर ओल्या, धुळकट भोकात चिकटत नाही. आधी काँक्रीटचं ऐकायचं, मग बोल्ट निवडायचा. माणसाचा जीव नशिबावर टांगायचा नाही.

सकाळी कामाच्या मुहूर्ताला माणसांनी मिंकाचा कोंबडा आणला होता. बांधकाम सुरू करताना रक्त सांडायची इथली जुनी रीत. मी आडवी उभी राहिले आणि चांगलं अर्धा तास बोलले. भिंत वजन धरते ती मापाने आणि मेहनतीने, कुणाचा गळा कापून नाही. ज्या कामाला बळी लागतो ते काम करणाऱ्यांनी आधी लाज वाटून घ्यावी. माणसं खाली मान घालून ऐकत होती. लाझो मागे पुटपुटला की ही भिंत कधी उपाशी सुरू केलेली नाही. मिंका कोंबडा छातीशी धरून परत नेताना मला म्हणाली की आरवतो भलत्याच वेळी, पण आहे माझा. उपकार झाले, वेलीनाताई.

९ मार्च

तीन अँकर बसवले. जॅक लावून ओढून पाहिले, आठ टनांना हलले नाहीत. चौथ्या कोपऱ्यात फुगणारा अँकर दोन टनांनाच सरकला. शेजारी भोक पाडून, तीनदा ब्रश फिरवून, हवा मारून केमिकलचा बसवला. तो काँक्रीटचा अख्खा सुळका घेऊन बाहेर आला.

योग्य उत्तर एकच: कोपरा फोडून नवं काँक्रीट ओतायचं आणि महिनाभर थांबायचं. ऑफिसला तसं कळवलं. उत्तर आलं की महिना नाही.

१२ मार्च

चौथा अँकर धरला! मी खाली गावात फोन करायला गेले असताना लाझोने तो नव्या भोकात बसवला होता. दुपारी मी स्वतः जॅक लावला. आठ टन. दहा. बारा. काटा थरथरला नाही. मी चाचणीच्या कागदावर सही केली आणि लाझोला मिठीच मारली. कसं जमवलंत विचारलं, तर म्हणाला, भोक नीट साफ केलं, बाई.

संध्याकाळी राकिया, इथली फळांची दारू, निघाली. लाझो प्यायला नाही. गंमत म्हणजे भेगही मिटल्यासारखी दिसतेय.

१५ मार्च

मिंकाला बरं नाही. हात बर्फासारखे. भाकरीचा तवा दोनदा सुटला. माणसांनी तिची थट्टा केली की कुणाच्या तरी विचारात आहे पोरगी. ती हसली, पण श्वास घेत घेत हसली.

अँकर पुन्हा ओढला. चौदा टन. इतकं त्याने धरायला नको. माझ्या कुठल्याच हिशोबात हे बसत नाही.

१७ मार्च

दुपार उतरताना मिंका अंगणात कपडे वाळत घालत होती. दोरीवरच्या चादरींच्या सावल्या पार कुंपणापर्यंत गेलेल्या. मिंकाची सावली तिच्या पावलांपाशी, ताटाएवढी.

मी बघत उभी राहिले. ऊन तेच, बाई तीच. मग धावत लाझोकडे गेले. तो खांबावर बसला होता, माझ्याकडे न बघता बोलला.

“तुम्ही कोंबडा परत दिलात, बाई. भिंत रिकामी राहिली. तुम्ही फोनला गेलात त्या सकाळी पोर डबा घेऊन आली, उन्हात इथंच उभी होती. मी मागून सुतळीनं तिची सावली मोजली, सुतळी भोकात घातली आणि वर केमिकल भरलं. तिला कळलंही नाही. माझे वाडवडील असेच पूल बांधायचे. ती झिजत जाईल तसा बोल्ट घट्ट होत जाईल.”

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. खुनी म्हणाले, एवढं आठवतं. तो म्हणाला, खाली गावात माझ्या दोन लेकी आहेत, सहा नातवंडं आहेत. त्या भेगेपायी सुटलेलं पाणी त्यांना विचारून येणार होतं का?

माझा विश्वास नाही. उद्या बोल्ट कापून काढते.

१८ मार्च

बोल्टभोवतीचं काँक्रीट गोल कापून अख्खं बाहेर काढलं. आतून कोमट होतं. माझ्या हातात ते मांडीवरच्या मुलासारखं कोमट होतं. केमिकलमध्ये गुंडाळलेली सुतळी. मी ती सोडवून जाळली. जळताना स्वयंपाकघरातून मिंकाची किंकाळी आली.

भेग पुन्हा उघडली. बोट जाईल एवढी.

२० मार्च

मिंका उठून बसली. वाडगाभर काचामाक, मक्याची घट्ट पेज, खाल्ली, आणखी मागितली. तिची सावली गुडघ्याएवढी झालीय. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

दक्षिणेचा वारा सुटलाय, गरम. एका दिवसात डोंगर काळा दिसू लागला. बर्फ चाललंय.

२१ मार्च

पाणी दर तासाला चढतंय. गावाच्या रस्त्यावर दरड आली. वाट बंद, म्हातारी माणसं अडकलीत.

पाच नवी भोकं पाडली. जे जे मला येतं ते सगळं केलं. भोक उलट्या सुळक्यासारखं आतून रुंद करून कड्या अडकवणारा अँकर लावला. तीन टन, आणि कोपरा भाकरीसारखा तुटला. तीन कोपऱ्यांवर दरवाजा ओढला तर यंत्रच उलटून खाली येईल.

मिंकाने स्वतः कोंबडा आणला. मी थांबवलं नाही. मी, जिने एवढं भाषण ठोकलं. रक्त भेगेत गेलं. दोन टन. लाझो म्हणाला, माणूस चाखल्यावर कोंबडा चालत नाही.

२२ मार्च

लाझोने स्वतःची सावली द्यायची म्हटली. मी सुतळीचं टोक धरलं, मोजली त्यानेच. बोल्ट सरकला. मोजणाऱ्याची सावली भिंत घेत नाही, म्हणाला, आणि तिथेच बसून लहान मुलासारखा —

मिंका दारात उभी. तिने ऐकलं सगळं. माझीच परत घ्या म्हणते. तिच्या चेहऱ्यावर इतका शांतपणा, की मला ओरडावंसं वाटलं.

नाही.

एका माणसाच्या जिवावर उभं राहणारं काहीही उभं राहू नये. हे मी आजही म्हणते. ज्यांनी महिना दिला नाही, त्यांना म्हणते. पण हे दुसऱ्याला त्या भोकात ढकलून म्हणता येत नाही.

२३ मार्च

सकाळी ऊन आलं. मी खांबावर उभी राहिले आणि लाझोला म्हणाले,

“मोजा. नीट मोजा, कमी घेऊ नका.”

त्याने मोजलं. भोक मी साफ केलं — ब्रश, हवा, ब्रश, हवा. सुतळी आत गेली तेव्हा काही वाटलं नाही. केमिकल आवळू लागलं तेव्हा —

दुपारी ओढून पाहिला. नऊ टन. दर टन मला मोजता आला. पाठीच्या मणक्यात.

भेग मिटतेय. बोटं गार.

२४ मार्च

पाणी काठाला. लेखणी धरवत नाही, मुठीत धरून —

मिंकाने घोंगडी घातली अंगावर. घोंगडीला सावली आहे. मला —

लाझो लीव्हरपाशी. थांबू का विचारतो. म्हणतो, अजून बोल्ट काढता येईल, बाई, अजून वेळ आहे. मी नाही म्हणून मान हलवली. त्याला दिसली नाही. मिंकाला सांगितलं, तू सांग. चालू कर म्हणावं.

साखळी ताणली.

चौथा कोपरा — बरगडीत. सगळं वजन इथेच येतंय. बाकीचे तीन नुसते उभे —

दरवाजा हलला. वीतभर. पाणी सुटल्याचा आवाज. माणसं ओरडतायत, आनंदाने. सरकत नाहीये, लाझो, मी धरलंय. घाबरू नकोस. अजून वर घे. अजून थोडं व