रांग कसली होती?

प्रिय क्लिफर्ड,

तू गेल्यापासून पहिल्यांदाच एकटी सहलीच्या बसने आले. सकाळी स्टोनहेंजचं ते प्रचंड दगडांचं पडकं वर्तुळ पाहिलं. आपल्या गवंड्यासारखाच तिथलाही कुणीतरी काम अर्धवट टाकून पळालेला दिसतोय!

मग बस एका गावात थांबली. चर्चबाहेर रांग दिसली, म्हणून मीही उभी राहिले. कसली रांग, हे विचारणं बरं दिसलं नसतं. आत एखादा जुना राजा पुरला असेल, असं वाटलं. पुढचे गृहस्थ म्हणाले, "हवा तरी बरी आहे." मी म्हटलं, "नशीब." झालं बोलणं.

दारात पोचले तर काळ्या कपड्यांतली एक बाई प्रत्येकाचा हात हातात घेत होती. मागे फुलांनी झाकलेली शवपेटी! आणि माझ्या अंगावर लालभडक रेनकोट. गोंधळून "सॉरी" म्हटलं, तर तिथे नेमकं तेच म्हणायचं होतं.

तिने हळूच विचारलं, "तुमची ह्यांच्याशी जुनी ओळख?"

तुझ्या अंत्यविधीला डोळ्यांत टिपूस आलं नाही रे. तिथे मात्र हुंदकाच फुटला. "चाळीस वर्षं," मी म्हटलं, "रोज रात्री माझे गार पाय आपल्या पायांत घ्यायचा."

तिने हात सोडला.

आता परत जाऊन तिला खरं सांगायलाच हवं. पण मध्येच घुसणार कशी? पुन्हा रांगेच्या शेवटी उभी आहे, आणि पर्सवर कागद ठेवून तुला लिहितेय.

तुझीच, देवाशप्पथ फक्त तुझीच,
मॅव्हिस