पोच

बाबा, परवा रोह्याच्या पुढच्या एका आरोग्य केंद्रात तुमची इतकी आठवण आली, की काम उरकल्यावर हातातला पाना तसाच धरून मी उभी राहिले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी अजून इंटरनेटच्या डिशच बसवते, बँकांच्या, पेट्रोल पंपांच्या, आता दवाखान्यांच्याही.

आपलं रामवाडीचं स्वयंपाकघर दिसतं मला. आई तांदळाच्या भाकऱ्या थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय. फौजेत सगळी नोकरी सॅटेलाइट स्टेशनवर गेलेली, म्हणून घरातही तोच कायदा: निरोप आला की पोच द्यायची. आई विचारते, "कालवण वाढू?" तुम्ही आधी म्हणता "मिळालं", मग म्हणता "वाढ". आई वैतागते, "अवो, ही छावणी नाय, सैपाकघर हाय!" आणि मी एकदा तुमचा निरोप ऐकूनही गप्प राहिले, तर केवढे ओरडलात, "तुला काय पोच हाय का नाय गो?" दोन्ही अर्थांनी लागलं होतं ते.

नोकरी लागली आणि मी तुम्हालाच शहाणपण शिकवायला लागले. म्हटलं, तुमच्या एका डिशच्या खर्चात आम्ही गावभर डिश लावू. आमच्यातून सिनेमे जातात, तुमच्यातून जेमतेम चार ओळी. तुम्ही हसलात. "जाऊ देत सिनेमे. आमच्याकडं समोरचा मुद्दाम गोंगाट घालून लाईन बुजवतो, चोरून ऐकतो. म्हणून आमी सारखी फ्रिक्वेन्सी बदलायची, सगळं कुलूपबंद पाठवायचं, आन थोडंच पाठवायचं, पण पोचवायचं. तुमचा दुश्मन कोण? पाऊस, नायतर शेजाऱ्याची वाकडी डिश! तुमची लाईन गेली तर गिऱ्हाईक रुसतं. आमची गेली तर माणूस जातो." मी फटकन म्हटलं, "माझ्या कामात कोण मरतंय, बाबा!"

परवा कोलाडजवळ खोदकामात केबल तुटली, म्हणून केंद्राचं सगळं नेट आमच्या डिशवर आलं होतं आणि मला तिथे पाठवलं होतं. बाहेर धो धो पाऊस. भाताच्या लावणीतून उठवून आणलेल्या एक मावशी छाती धरून खाटेवर. डॉक्टर त्यांना व्हिडिओवर मुंबईच्या हार्टच्या डॉक्टरांना दाखवतायत आणि चित्र गोठतंय. मावशी मला विचारतात, "माजं काय व्हतंय गो?" मला तुमचा आवाज ऐकू आला. मी व्हिडिओ बंद केला, बाकीचं सगळं बंद केलं, लाईनचा वेग पार खाली आणला. गोंगाटात सावकाश बोललेलं कळतं ना, तसंच असतं ते. फक्त ईसीजीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'पोच द्या.' केंद्रातले डॉक्टर ओरडले, "अहो, व्हिडिओ का घालवलात?" मी पडद्याकडेच बघत होते. आणि उत्तर आलं: 'मिळाला.' पाठोपाठ कुठलं इंजेक्शन द्यायचं तेही. काल मावशींचा मुलगा सांगून गेला, आई उठून पेज प्यायली.

सगळे मला शाबासकी देतात आणि मला ओशाळल्यासारखं होतं. बाबा, ती शाबासकी तुमची. तुम्ही शिकवलंत म्हणून ती बाई आज जिवंत आहे. हे तुम्हाला समोर बसून सांगायला हवं होतं. आता हे पत्र टाकू तरी कुठे? तुमच्या जुन्या होकायंत्राच्या डबीत घडी घालून ठेवीन.

एक मात्र सांगायचंय. तुम्ही गेलात त्या दुपारी तुमचा मेसेज आला होता, 'भाकरी झाकून ठेवली हाय. पोच दे.' आईला मी आजवर सांगत आले, की मी कामावर होते त्या धाटावला रेंज नव्हती, मेसेज उशिरा मिळाला. रेंज होती, बाबा. मी लगेच वाचला, 'झालं यांचं सुरू' असं म्हटलं आणि मुद्दाम पोच दिली नाही. मिळाला होता.