रिकामा ट्रक परत येताना

दि. ४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार घाईत उरकतो, कारण मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवंय. अण्णा परतीच्या वाटेवर झोपतात का गं?

काल आमच्या दुरुस्तीच्या कारखान्यात एक ट्रक दोरखंडाने ओढत आणला. नाक पार चेपलेलं, पुढचा आस वाकलेला. चालवणारा पूर्वी घोडागाडी हाकायचा. माल उतरवून परत येताना त्याचा डोळा लागला आणि ट्रक सरळ भिंतीवर गेला. दवाखान्यात आहे, अजून शुद्धीवर नाही. मिस्त्री म्हणाला, बिचाऱ्याला वाटलं असेल घोडा नेईल घरी. सगळे हसले. मला मात्र अण्णा दिसले. गोदामापासून धक्क्यापर्यंत अकरा मैल. तिथे पोती उतरवली की लगाम मनगटाला गुंडाळून आडवे व्हायचे, आणि घोडी त्यांना झोपेतच दारात आणून उभी करायची. तीस वर्षांची सवय ती! मालक घोडी विकतोय तर तुम्ही ट्रक शिका, म्हणून त्यांच्या डोक्यावर बसलं कोण? मीच.

उलट टपाली लिही. शेजारच्या नालबंदकाकांची मुलगी कशी आहे हे विचारणार नव्हतो, पण विचारतो. लोभ हवा तर कमी कर, पत्र मात्र लवकर टाक.

तुझा भाऊ

दि. ८ मार्च

चि. तापटरावांस,

अनेक आशीर्वाद आणि एक चापट. पत्र वाचलं आणि हातातलं काम तसंच टाकून बाहेर गेले. अण्णा दुपारी जेवायला येतात तेव्हा ट्रक दारातच असतो. पुढच्या जाळीत कुंपणाच्या काटक्या अडकलेल्या, एका मडगार्डला पोचा. आधी म्हणाले, कुत्रं आडवं आलं. कुत्र्याला पानं कधीपासून फुटली, असं विचारल्यावर पोच्यावर हात फिरवू लागले. मग हळूच कबूल केलं. वळणावर डोळे मिटले, उघडले ते कुंपणात. म्हणाले, लगाम हातात असला की झोपेतही घोडीचं चालणं कळायचं, हे चाक काहीच सांगत नाही.

तू आता मालकाला लिहायला कागद काढला असशील. खबरदार! ट्रक काढून घेतला तर अण्णा घरात बसतील, आणि रिकामे बसलेले अण्णा मी पाहिलेले नाहीत, पाहायचेही नाहीत.

शेजारी माणूस हवा, एवढंच. चढावर चाकाखाली ठोकळा लावायला कोणी सोबत असेल तर मालकाची ना नाही. मोकळा वेळ आणि मोठं तोंड असलेला असा एकच माणूस आहे, आपले नालबंदकाका. घोडे गेले तसा त्यांचा भाता थंडच असतो. पण मी कोणत्या तोंडाने विचारू? तू मुलगी मागायला गेलास, ते नाही म्हणाले, तर भर रस्त्यात ओरडलास की तुमची ऐरण आता दार अडवायला ठेवा. तेव्हापासून ते अण्णांशीही बोलत नाहीत. आग तू लावलीस, पाणीही तूच घाल.

ती बरी आहे. तुझं नाव निघालं की भांडी आपटते. अर्थ तूच लाव.

रागावलेली, तरी तुझीच
ताई

दि. ११ मार्च

ती. नालबंदकाकांस,

सा. न. वि. वि. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिल्या दोन्हींत माझीच बाजू मांडत बसलो होतो. ऐरणीबद्दल बोललो ते नीचपणाचं होतं. आपण म्हणाला होतात, कॉलेज अर्ध्यात सोडणारा उद्या मुलगीही अर्ध्यात सोडेल. ते झोंबलं, कारण कॉलेज मी खरंच सोडलं होतं.

पण आज तिच्यासाठी लिहीत नाही. अण्णा ट्रकवर झोपतात. त्यांच्या शेजारी बसा. भांडा, शिव्या द्या, मला द्या, त्या विषयावर त्यांनाही पुष्कळ बोलायचं असेल. फक्त झोपू देऊ नका. इथे फाटकातून एखादा मोडका ट्रक आत आला की मी आधी त्याचा रंग बघतो.

आपली कृपा मागायला तोंड नाही, म्हणून नुसता नमस्कार.

आपला अपराधी

दि. २० मार्च

चिरंजीवास आशीर्वाद.

मला लिहिता येत नाही, मुलगी लिहून घेते आहे, म्हणून तोंड आवरून सांगतो. तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधीपासून मी ट्रकवर आहे. तुझी ताई आली, जाळीतल्या काटक्या माझ्या ऐरणीवर ठेवल्या आणि आल्या पावली परत गेली. तेवढं पुरलं.

पहिले चार दिवस आम्ही भांडलो. तुझा बाप म्हणे ट्रकला जीव नसतो, मी म्हणे म्हणूनच मेल्याला नाल लागत नाही. पाचव्या दिवशी शिव्या संपल्या, ऊन तापलं आणि माझाच डोळा लागला. जाग आली ती दारात. दचकून बघतो तर तुझ्या बापाचे डोळे लाल, अंग घामाने निथळतंय, चाक दोन्ही हातांनी आवळून धरलेलं. मला उठवलं का नाहीस म्हणून खेकसलो. तर म्हणाला, तू निजल्यावर मला कसं निजता येईल?

तेव्हापासून परतीला मी मुद्दाम डोळे मिटून घोरतो. झोप कसली येते! अकरा मैल जीव मुठीत धरून, प्रत्येक वळण मोजत पडलेला असतो. पण तो जागा राहतो. हे त्याला कधी कळू देऊ नकोस.

तुझ्या बापाचा शेजारी,
नालबंद

ता. क. बाबांनी शेवटी आणखी एक वाक्य सांगितलं होतं, मुलीचा विषय पुन्हा काढायचा नाही म्हणून. ते माझ्याकडून लिहायचं राहिलं. आता पाकीट चिकटवते.