डब्यावरचा माणूस

३ फेब्रुवारी, मंगळवार
कर्म माझं. पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलंय. आपल्या सॉल्व्हंटचा सुरक्षा-तक्ता आणि लेबल नव्या पद्धतीने करून द्या, नाहीतर पुढचा माल घेणार नाही. साहेबांनी (यापुढे सा., हात दुखतो) कागद माझ्या टेबलावर टाकला. "मॅडम, तुम्ही एमेस्सी. दोन दिवसांत उरका." जसे काही पापडच लाटायचेत.
तसं काम सरळ आहे. माल पेटतो का, अंगाला लागला तर काय, नाकात गेला तर काय, रोज थोडा थोडा गेला तर काय. एकेक प्रश्न, एकेक वर्ग, आणि वर्गाप्रमाणे डब्यावर लाल चौकटीतलं चित्र. पण हे करायला मी एकटीच. सगळ्या कारखान्यात केमिस्ट म्हणजे मी आणि माझी खुर्ची.
भिंगारला खोलीवर आले. कुलूप काढताना कुलपाशी बोलले, "उघड बाबा." आई गेल्यापासून ही खोड लागलीय.

५ फेब्रुवारी, गुरुवार
पेटण्याचा वर्ग ठरला, त्यात विचार कसला करायचा? थंडीतल्या सकाळीही ठिणगी पडली तर भडकेल. आगीचं चित्र. कातडी चुरचुरते, डोकं गरगरतं, त्याला उद्गारचिन्ह. पाण्याला घातक, त्याला मेलेला मासा.
दुपारी चित्रं हिराबाईला दाखवली. ती भरणीच्या शेडमध्ये ड्रममधून डबे भरते, झाकण लावते, मग लेबल डकवते. ऑफिसातले सगळे केबिनमध्ये जेवतात, शेअरचे भाव सांगत. मला कोणी बोलवत नाही आणि मी जात नाही. हिराबाई भाकरी-ठेचा घेऊन माझ्या टेबलाशी येते. दिवसभरात तेवढंच काय ते माणसाशी बोलणं.
मासा बघून म्हणाली, "ह्यो मासा कुटला? आपल्याकडं टँकरचं पानी." मग छातीवर चांदणी फुटलेल्या माणसाचं चित्र बघितलं. "अन ह्या बाबाला काय झालं?"
म्हटलं, "आतून हळूहळू खराब होतो. बाहेरून दिसत नाही."
"मंजी माझ्या सासूवानी."
ठेचा नाकात गेला हसून. तो माणूस आपल्या डब्यावर लावायचा की नाही, ते अजून ठरायचंय.

९ फेब्रुवारी, सोमवार
ठरलं. सा.नी मध्यंतरी कच्चा माल देणारा बदलला होता, स्वस्त पडतो म्हणून. त्याचे कागद मागून मागून आज हातात पडले. हेक्झेन भरपूर. आधीच्या मालात नावालाच होतं. कॉलेजात हे नुसतं एक नाव होतं, आज बसून नीट वाचलं. त्याची वाफ महिनोन् महिने नाकात गेली तर हातापायाच्या नसा खराब होतात. सुरुवात पायाच्या बोटांपासून. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग चाल बिघडते.
पुन्हा पुन्हा ताडून बघितलं. चुकले असते तर बरं झालं असतं. चुकले नाही. छाती फुटलेला माणूस लावावाच लागणार.
संध्याकाळी सुट्टीच्या वेळी गूळ. सा.चे वडील वाटायचे, आता सा. स्वतः परात घेऊन उभे राहतात. गूळ खाल्ला की केमिकल अंगात राहत नाही, असं त्यांना मनापासून वाटतं. मी आज पहिल्यांदा नीट बघितलं. बाया आधी हाताचा चिकटा काढायला त्याच सॉल्व्हंटच्या डबीत हात बुडवतात, पदराला पुसतात आणि त्याच हातावर गूळ घेतात. हिराबाई पुढे.
सा. मला म्हणाले, "त्या तक्त्यात प्रथमोपचार असतो ना? त्यात गूळ लिहा."
मला हसूच फुटलं. ते हसले नाहीत. एवढी गंमत झाली, घरी येऊन सांगायची कोणाला? भिंतीला?

११ फेब्रुवारी, बुधवार
सुट्टी झाली. हिराबाई पुढे, मी मागे. गेटजवळ वाटेत एक चप्पल पडलेली. डाव्या पायाची, निळ्या पट्ट्याची. ओळखीची. पुढे बघते तर बाई एक पाय अनवाणी, खडीवरून तरातरा रिक्षाकडे निघालेली.
"अहो हिराबाई, चप्पल!"
तिने खाली बघितलं. "अगं बया! कवा निसटली?"
हसत परत आली, घातली, गेली. खडी टोचली नाही तिला.
रिक्षावाला पण हसला. मला हसू आलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
रात्री झोप नाही. जेवायच्या सुट्टीत कोपऱ्यातल्या केरसुणीची काडी मोडून घेतली. हिराबाईला म्हटलं, खुर्चीवर बसा, डोळे मिटा, पायाला काडी लावली की "लावली" म्हणा.
"काय पोरखेळ लावलाय म्याडम."
पण बसली. आधी हाताला लावली. "लावली." गुडघ्याला. "लावली, गुदगुल्या हुत्यात." मग पायाच्या अंगठ्याला लावली. ती गप्प. दाबली. दुसऱ्या अंगठ्याला लावली. गप्प.
जरा वेळाने डोळे मिटूनच म्हणाली, "लावा की आता. भाकर खायाची हाय."
काडी तेव्हा तिच्या अंगठ्याला टेकलेलीच होती.
मी काय बोलले आठवत नाही. काहीतरी भाकरीबद्दल बोलले. मग विचारलं, मुंग्या येतात का? म्हणाली, लई दिसापून, वय झालं आता, दिवसभर उभं ऱ्हायचं म्हनल्यावर व्हनारच.
वय कसलं डोंबलाचं. माझ्याहून लहान आहे ती.

१६ फेब्रुवारी, सोमवार
सा.च्या केबिनमध्ये. लेबल ठेवलं. त्यांनी छातीवाल्या माणसावर बोट ठेवलं. "हा कशाला? गिऱ्हाईक भडकेल."
म्हटलं, गिऱ्हाइकाकडे केमिस्ट आहेत, उद्या त्यांनी माल तपासला की सगळंच कॉन्ट्रॅक्ट जाईल. ते लगेच पटलं. "मग राहू द्या."
मी म्हटलं, "आणि आपल्या शेडमध्ये? पंखा नाही, खिडकी एक. हिराबाईच्या पायाला—"
"मॅडम, तुम्हाला लेबल सांगितलं होतं. लेबल झालं. छान झालं." वर, "गूळ देतो ना मी रोज."
माणूस वाईट नाही. तेच अवघड आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार
एक गोष्ट इतकी वर्षं डोळ्यासमोर होती आणि दिसली नव्हती. लेबल डबा भरल्यावर लागतं. डबा उघडा असतो, वाफ निघते, तेव्हा त्यावर काही नसतं. पुण्याच्या माणसाला इशारा मिळतो, भरणारीला नाही.
म्हणून आज त्या माणसाचं चित्र मोठं छापून घेतलं आणि शेडच्या भिंतीवर, ड्रमच्या वर, स्वतः स्टुलावर चढून डकवलं. खाली मराठीत लिहिलं: ही वाफ नसा खराब करते. यात हात धुऊ नका. मुंग्या येत असतील तर सांगा.
बायांना बोलवून वाचून दाखवलं. हिराबाई म्हणाली, "तरीच माझ्या चपला निसटत्यात व्हय?" सगळ्यांसमोर. मोठ्याने. सा. दारात उभे होते.
मला वाटलं, बरं झालं, त्यांनीही ऐकलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
हिराबाईला काढलं.
मला सकाळी कळलं, बाया पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाकडून. सा. म्हणाले, "तुम्हीच लिहिलंय ना, मुंग्या येत असतील तर सांगा. तिने सांगितलं. उद्या काही झालं तर माझ्यावर येईल."
गेटवर गाठली तिला. पिशवीत डबा, पाण्याची बाटली, निळ्या चपला पायात. माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाली, "तुमी चित्र लावलं अन मला घरी बसवलं. लई शिकलेल्या तुमी."
रिक्षात बसली. मी रस्त्यात उभी.
वर्ग बरोबर. चित्र बरोबर. भिंतीवरची वाक्यं बरोबर. आणि माझ्याशी बोलणारी एक बाई होती, ती गेली.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
एकटीने जेवले. डबा उघडला, झाकला. केबिनमधून हसण्याचे आवाज.
फोन लावते. वाजतो. उचलत नाही.

१ मार्च, रविवार
चर्चमध्ये उपासनेला गेले, मागच्या बाकावर. पाळकबाईंनी विचारलं, "बरं आहे ना?" म्हटलं, बरं आहे. रडू येत होतं, ते ओढणीत पुसलं. सर्दी झालीय म्हणून सांगितलं.
दुपारी हिराबाईच्या खोलीवर गेले. कुलूप. शेजारीण म्हणाली, भावाकडं गेली, शिंगणापूरला.

६ मार्च, शुक्रवार
नसांच्या डॉक्टरांना विचारून आले, रांगेत बसून, स्वतःच्या नावाने. त्यांनी माझेच पाय तपासले आधी! मग सांगितलं, त्या हवेतलं काम सुटलं की नसा हळूहळू सुधारू शकतात. पण सुटल्यावरही आधी काही काळ आणखी बिघडतं. सगळं परत येईलच असं नाही. "बाईंना घेऊन या. आणि काम काय करायची ते लिहून आणा, शिक्क्यानिशी."
शिक्का सा.कडे. आणि घेऊन जाऊ कोणाला, ती फोन उचलत नाही.

११ मार्च, बुधवार
हिराबाईच्या जागी नवी बाई. पहिल्याच संध्याकाळी सॉल्व्हंटच्या डबीत हात. माझं चित्र तिच्या डोक्यावर, भिंतीवर. मी ओरडले, अक्षरशः किंचाळले. डबी उचलून ड्रममध्ये ओतली, बादली-साबण आणून ठेवला, म्हटलं याच्यात धुवा, खबरदार पुन्हा तिकडे हात घातलात तर. बाई घाबरली बिचारी. मागून कोणीतरी म्हणालं, मॅडमचं डोकं फिरलंय.
फिरलंय तर फिरलंय.

२० मार्च, शुक्रवार
शेडला मोठा पंखा लागला, वाफ बाहेर ओढणारा. मी सांगून नाही. पुण्याची माणसं बघायला येणार आहेत म्हणून. सा.नी मला बोलवून दाखवला, कौतुकाने. "खूश?"
पंखा बघून खरंच बरं वाटलं. आणि त्याच वेळी इतका राग आला की "हो" म्हणताना आवाज फुटला.
अर्ज लिहून ठेवलाय, कारखाना निरीक्षकांच्या नावे. माझ्या नावाने करीन, नोकरी गेली तर गेली. पण पाय हिराबाईचे आहेत. तिला विचारल्याशिवाय तिचे पाय कागदावर कसे घालू? एकदा भिंतीवर घातले, तेच पुरे झालं.

२९ मार्च, रविवार
झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. उपासना झाली, हातात झावळी, तशीच बसमध्ये बसले. शिंगणापूर. शनीला आलेली गर्दी, तेलाचा वास. हिराबाईच्या भावाचं रुईच्या माळांचं दुकान आहे, तिथे विचारलं. त्याने मागची गल्ली दाखवली.
घर सापडलं. घराला दार नाही, तिथली रीतच ती. नुसती चौकट, वर पडदा. कडी वाजवावी तर कशाची? मी आपली बाहेर उभी. दार असतं तर निदान बंद आहे म्हणून परत फिरता आलं असतं.
"हिराबाई."
आतून, "कोन हाय?" मग माझा आवाज ओळखला तिने. मग, "आता आलाच हाव तर या. उन्हात नका हुबं ऱ्हाऊ."
पुढ्यात रुईची पानं, माळा ओवत बसलेली. सुई बोटांतून निसटत होती. ती परत उचलायची, परत ओवायची. मी बघितलं आणि तिने मला बघताना बघितलं.
म्हणाली, "तुमचं चित्र बराबर निगालं म्याडम."
मी म्हटलं, "मला माफ करा. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं. आणि तुमच्याशिवाय मला तिथे जेवण जात नाही." हे एका दमात बोलले. इतकं मी आईशीही कधी बोलले नव्हते.
तिने उठून पाणी दिलं. भिंतीला हात लावत चालली. पूर्वी नव्हती लावत.
डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं, आधी बिघडतं तेही. अर्जाचं सांगितलं. ती ऐकत होती की माळ मोजत होती, कळलं नाही. एवढंच विचारलं, "नवी बाई बसवली का माझ्या जागी?" म्हटलं, हो. "तिला हात धुवू देऊ नगा त्येच्यात." म्हटलं, नाही देत.
निघायला उठले तशी म्हणाली, "थांबा." पाय लांब केले, पदर सारखा केला आणि डोळे मिटले. "लावा."
माझ्याकडे झावळीशिवाय काही नव्हतं. तिचं टोक अंगठ्याला लावलं. हलकेच.
बाहेर गाड्यांचे हॉर्न. ती गप्प. कपाळाला आठी घालून बसली होती, कोणी लांबून हाक मारतंय ती ऐकावी तशी.
मग म्हणाली, "लावली?"
तिला कळलं की अंदाजाने म्हणाली, मी विचारलं नाही. तिनेही डोळे उघडले नाहीत.
म्हणाली, "आता दुसऱ्या पायाला."