कातड्यासकट हरीण

तबूक, १४ एप्रिल, संध्याकाळ

सरकारी नियमाने माझ्या खुर्चीवर आता सौदी माणूस हवा, म्हणून कफीलच्या, म्हणजे आमच्या मालकाच्या, पुतण्याला, फहदला, मीच पत्रव्यवहार शिकवतोय; तो शिकला की मी घरी. आज त्याने कुरणातलं हरीण बाणाने मारलं आणि काकांना दाखवायला कातड्यासकट जीपच्या टपावर ठेवलं. भर उन्हात! इथले आचारी, रत्नागिरीचे इस्माईलभाई, कुजबुजले, "भटजी, सांगा त्याला. कातडं काढून सावलीत टांगलं नाही तर नासेल."

मी मौनव्रत धरलं. शाकाहाऱ्याने मांसाबद्दल काय बोलावं? खोटं कशाला, फहदची फजिती होणार म्हणून ते कातडं बघून सुखावत होतो.

पाहुण्यांसमोर कातडं निघालं आणि सगळ्यांनी नाकं दाबली. कफील गरजले, "हेच शिकलास?"

फहदने माझ्याकडे बोट केलं. "मला सगळं हे जोशीच शिकवतात."

"मग जोशी, अजून वर्षभर शिकव."

खुर्ची वाचली. उद्या त्याला पुन्हा 'डिअर सर'पासून गिरवायला लावतो. सावकाश, कातडं सोलल्यासारखं.