पडद्यावर लाल, कागदावर तपकिरी

मंगळवार, संध्याकाळ, लातूर

गिऱ्हाइकासाठी मी केलेल्या लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा लाल शालू तपकिरी छापून आला. पडद्यावर तर तो लालच दिसत होता. स्वतःच्याच डोळ्यांवर संशय घेत दोनदा मॉनिटरचे रंग जुळवायचं कॅलिब्रेशन केलं, तरी शालू तपकिरीच. शेवटी आज मॉनिटर सर्व्हिस सेंटरला नेला.

तिथली मुलगी म्हणाली, "ताई, वॉरंटी संपली की याची. तीन वर्षांमागंच विकलेला हाय."

मी तर यंदाच्या धनत्रयोदशीला नवा म्हणून घेतला, तोही मानलेल्या भावाच्या, शिवादादाच्या दुकानातून. मॉनिटर घेऊन तशीच त्याच्याकडं गेले, जाब विचारला.

खाली बघत तो म्हणाला, "तुला कळंल असं वाटलं न्हाई."

एवढंच? मॉनिटर तिथंच ठेवून आले.

भाऊबीजेला त्याला ओवाळलं, तेव्हा त्याला सगळं ठाऊक होतं.